भिंत रंगवण्याआधी मंडईला या

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, गोंदिया.



तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं, एक तलाव आणि दुसरं नागझिऱ्याच्या जंगलाचं गेट. पहाटे जिप्सी रांगेत लागतात, पर्यटक वाघ पाहायला आत जातात, संध्याकाळी गेट बंद होतं आणि गाड्या निघून जातात. कुणी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचून आलेला असतो, कुणी मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांचं बोट धरून. नवेगाव आणि नागझिरा ही नावं मराठी वाचकाच्या घरात पोहोचली ती या दोघांमुळे, आणि त्याबद्दल हा मुलूख त्यांचा कायमचा ऋणी आहे. पण गेटच्या अलीकडे जी गावं आहेत, त्यांत कोण राहतं, ती माणसं काय गातात, काय नाचतात, कुणाची सोंगं घेतात, हे त्या पर्यटकाला कुणी सांगत नाही. हे पत्र त्या अलीकडच्या गावांसाठी आहे.

निमित्त असं की गेली काही वर्षं राज्यभर भिंती रंगवण्याचं वारं आहे. शहरांत उड्डाणपुलांचे खांब रंगले, रेल्वे स्थानकं रंगली, शाळांची कुंपणं रंगली. जंगलाच्या वेशीवरची, पर्यटकांच्या वाटेवरची गावं या यादीत यायला वेळ लागणार नाही. निधी येईल, निविदा निघेल, बाहेरून रंगाऱ्यांची टोळी येईल आणि आठ दिवसांत भिंतीवर एक वाघ, एक मोर आणि वारली पद्धतीची नाचणारी माणसं उमटतील. असं होऊ नये, ही विनंती आधीच करून ठेवलेली बरी.

वारली चित्रं सुंदरच आहेत. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. पण ती कला डहाणू-तलासरीकडच्या घरांतली आहे, तिथल्या सवाष्णी लग्नाच्या घरात चौक लिहीत आल्या त्यातून ती वाढली. गोंदियातल्या गोंडाच्या किंवा हलब्याच्या भिंतीवर ती काढणं म्हणजे त्या घरातल्या माणसाला त्याच्याच दारात दुसऱ्याचं नाव चिकटवण्यासारखं आहे. आदिवासी म्हटलं की त्रिकोणी धडाची पांढरी माणसं काढून मोकळं होण्याची सवय सरकारी कार्यालयांना लागली आहे. ती मोडायची सुरुवात आपल्या जिल्ह्यातून व्हावी.

या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग त्यात येतो. एका हमरस्त्यावरून तासभर गेलं तरी किती प्रकारची माणसं भेटतात! पोवार, लोधी, कुणबी, कोहळी, तेली, कलार, गोंड, हलबा, गोवारी, ढिवर, बौद्ध, मुसलमान. घरात पोवारी, शेजारी गोंडी, आठवडी बाजारात झाडीबोली, आणि गोंदियाच्या फलाटावर हिंदीबरोबर छत्तीसगढी. ही वस्ती नुसती शेजारी शेजारी राहत नाही, एकमेकांच्या कामावर उभी आहे. कोहळ्यांनी तलाव बांधले. नवेगावबांधचा थोरला तलाव त्यांच्याच पूर्वजांच्या नावाने सांगितला जातो, आणि मालगुजारीच्या काळातले असे हजारो तलाव या चार जिल्ह्यांत आजही आहेत. सरकारी कागदावर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक नुसतं मामा तलाव म्हणतात. त्या तलावाखाली कास्तकाराच्या बांध्या भिजतात आणि धान पिकतं. त्याच पाण्यात ढिवर जाळं टाकतात, शिंगाडा लावतात. काठावरच्या गवतावर गोवारी गावाची गुरं चारतात. एक तलाव आणि चार-पाच जातींचं पोट, असा इथला हिशेब आहे.

या सगळ्यांना वर्षातून एकदा एका जागी आणणारी गोष्ट म्हणजे मंडई.

साहेब, आपण मंडईचं उद्घाटन करायला गेला असाल. हारतुरे, भाषण, नारळ. पण मंडई पाहायची तर उद्घाटनाच्या आधी आणि नंतर. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरू लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. तारखा एकमेकींवर न येतील अशा धरलेल्या, कारण पाहुण्यांना सगळीकडे जायचं असतं. माहेरी आलेल्या लेकी थांबून राहतात. हलक्या धानाची कापणी उरकलेली असते, हातात थोडा पैसा असतो. दुपारी दुकानं लागतात, शेव-चिवडा, भजी, बांगड्या, फुगे, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग. गावच्या घराघरांत पाहुणे असतात आणि लग्नाची बोलणी, जुन्या भांडणांचे समेट, गुरांचे सौदे हे सगळं त्याच दिवशी होतं.

आणि मग ढाल येते. उंच बांबू, त्याला गुंडाळलेली कापडं, वर मोरपिसं, समोर वाजंत्री. गोवारी समाजाची माणसं ती नाचवत आणतात. बलिप्रतिपदेला गायगोधनाच्या पूजेत हीच ढाल मानाची असते. मंडईत ती येईपर्यंत मंडई भरली असं कुणी म्हणत नाही. जे लोक वर्षभर दुसऱ्याची गुरं राखतात, त्यांच्या हातातल्या बांबूला त्या दिवशी सगळं गाव वाट करून देतं. गावाच्या कलेत गावाची रचना कशी उमटते, हे पाहायला याहून स्पष्ट जागा नाही.

याच गोवारी समाजाचे 114 जण 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधिमंडळावर नेलेल्या मोर्चात चेंगरून मेले. त्यांत बाया होत्या, लेकरं होती. नागपूरच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे आणि सीताबर्डीला स्मारक आहे. ज्या जिल्ह्यांत ढाल नाचते, तिथल्या एखाद्या भिंतीवरही त्यांची आठवण असायला हवी, आणि ती कशी असावी हे गोवाऱ्यांनीच सांगायला हवं. वारसा म्हटलं की आपण किल्ले आणि देवळं मोजतो. तीस वर्षांपूर्वीचं हे मरण याच माणसांच्या वारशाचा भाग आहे. तसंच 1954 सालही. त्या वर्षी भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळं झालं ते 1 मे 1999 ला. भिंत गावाची असेल तर तिच्यावर हेही येईल.

रात्री दंडार उभी राहते. मंडप असलाच तर चार बांबूंचा. गॅसबत्तीच्या जागी आता बल्ब आले, एवढाच फरक. पुरुषच बायकांची सोंगं घेतात, अंगावर घरच्याच कुणाचं तरी लुगडं, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. दोन रांगा समोरासमोर येतात, मागे सरकतात, पुन्हा येतात. ढोलकी, टाळ आणि चोनकं. चोनक्याची तार बोटाने छेडली की जो गुंगवणारा आवाज निघतो, तो एकदा कानात बसला की दुसऱ्या कुठल्या वाद्याने निघत नाही. मधेच गाणं थांबतं, दोन पात्रं पुढे येतात आणि गावातल्याच एखाद्या प्रकरणावर सवाल-जवाब झडतात. सकाळी जो माणूस धुऱ्यावर बसून बिडी ओढत होता, तो रात्री राणी असतो, आणि समोर बसलेली त्याची सून त्याच्याकडे बघून हसत असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर खपून झाडीबोली आणि इथल्या लोककला कागदावर आणल्या, म्हणून या दंडारीबद्दल अभ्यासाने बोलता येतं. खडी गंमत ही तिचीच शेजारीण. शाहीर, नाच्या, डफ, तुणतुणं, आणि उभ्या उभ्या रात्र काढणारे झीलकरी.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. दंडारीला आणि खडी गमतीला भोंगा लागत नाही. त्या मोकळ्या गळ्याने, मोकळ्या वाद्यांवर होतात. चोरखमाऱ्यासारख्या, जंगलाला लागून असलेल्या गावांत याला फार महत्त्व आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या वेशीवर रात्रभर स्पीकर वाजावेत असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. पण दंडारीला वनविभागानेही हरकत घेण्याचं कारण नाही. आणि वेळापत्रकही जुळतं. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात जंगल पर्यटकांसाठी उघडतं, दिवाळीनंतर मंडया सुरू होतात. सूर्य मावळला की पर्यटकाला करायला काही उरत नाही, तो खोलीत मोबाइल पाहत बसतो. दोन कोसांवर गाव जागं असतं आणि त्याला पत्ता नसतो.

इथे एक धोका आहे. पर्यटकांसमोर दंडार करायची म्हटलं की पहिला विचार असतो दहा नाचणाऱ्यांना हॉटेलच्या हिरवळीवर बोलवायचा, अर्धा तास नाचवायचा आणि जेवण देऊन परत पाठवायचा. त्या अर्ध्या तासात दंडार मरते. तिचं अर्धं बळ समोर बसलेल्या गावात असतं, कोण कुणाला उद्देशून बोलतो ते कळणाऱ्या कानांत असतं. पर्यटकाला आणायचं तर मंडईत आणावं. त्याने इतर पाहुण्यांसारखं सतरंजीवर बसावं, शिंगाडे विकत घ्यावेत आणि रात्र गावासोबत काढावी. गेटवर तारखांचा एक फलक लावला तरी पुरे: कोणत्या दिवशी कोणत्या गावची मंडई.

मोठं नाटक ही मंडईची दुसरी रात्र. देसाईगंज म्हणजे वडसा इथे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची ठाणी आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत त्या गावोगाव जातात. गावातलं मंडळ कंपनी ठरवतं, तिकिटं लावतं, नफा झाला तर देवळाला किंवा शाळेला, तोटा झाला तर सगळ्यांनी वाटून घ्यायचा. कापणी झालेल्या बांधीत रंगमंच उभा राहतो, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. कोणत्याही अनुदानाशिवाय एवढी मोठी रंगभूमी चालवणारा शेतकरी महाराष्ट्रात दुसरीकडे सापडत नाही. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना ही रंगभूमी आहे असं नव्याने कळलं.

तिचं अर्थकारण किती नाजूक आहे हे 2014 साली दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि शंकरपट थांबले. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी इथली जुनी जोडी. पटाला दहा गावचे लोक येत आणि तेच रात्री तिकीट काढून नाटकाला बसत. पट गेला तशी ती गर्दीही गेली. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली, आणि पटाच्या रात्री परत आल्या. बैलांची काळजी घेणं योग्यच होतं. पण एका आदेशाने एक रंगभूमी आजारी पडू शकते, हे त्या वेळी कुणी मोजलं नव्हतं.

असंच नाटकाला लागणाऱ्या रात्रीच्या भोंग्याचं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना मनाई करतात, आणि सणासमारंभांसाठी वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. हे दिवस ठरवताना शिवजयंती, गणपती, नवरात्र, नाताळ, वर्षाखेर डोळ्यांसमोर असतात. मंडई त्यात बसत नाही, कारण तिची तारीख साऱ्या जिल्ह्याची एक नसते, गावागणिक वेगळी असते. नाटकाचं मंडळ मग दरवर्षी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतं. कायद्याच्या चौकटीत राहून, जंगलापासून दूरच्या गावांपुरता, मंडईचा विचार यात कसा करता येईल हे आपल्या कार्यालयाने एकदा कायदा जाणणाऱ्यांना बसवून ठरवावं. दरवर्षीची अनिश्चितता तरी संपेल.

भिंतींकडे परत येऊ. गोंदियाच्या उत्तरेला, नर्मदेच्या बाजूला दिंडोरी जिल्ह्यात पाटनगढ नावाचं खेडं आहे. तिथला जनगडसिंह श्याम नावाचा परधान तरुण 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनाशी जोडला गेला. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना वाजवून यजमानांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गायच्या, हे त्यांचं काम. यजमान गरीब झाले, गाणं मागे पडलं. जनगडने तेच देव भिंतीवर आणि कागदावर आणले. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंती त्याने रंगवल्या, जपानपर्यंत गेला आणि 2001 मध्ये तिथेच मेला. पण त्याच्यामागे गाव उभं राहिलं. पाटनगढमध्ये आज घरोघर चित्रकार आहेत आणि त्याच घरातल्या भज्जू श्याम यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. भोपाळच्या जाणकारांनी गावाला चित्रं नेऊन दिली नाहीत. गावात जे होतं ते ओळखलं, त्या माणसाला कागद, रंग आणि पगार दिला. गोंदियाने पाटनगढची चित्रं उतरवून काढू नयेत, ही ओळखण्याची रीत मात्र जरूर उचलावी.

राज्य सरकारला हे जमतही नाही असं नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार 4 मे 2017 ला पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी आपली घरं वाचकांना उघडून दिली, चित्रकारांनी त्या भिंती रंगवल्या. पुस्तकं घरातल्या माणसांच्या ताब्यात राहिली म्हणून ते चाललं. त्याच वर्षी मुंबईत ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला, तेव्हा तिथे मासळी उतरवणाऱ्या आणि कोळंबी सोलणाऱ्या माणसांचे मोठाले चेहरे भिंतींवर लागले. रोज त्या दारातून आत-बाहेर करणारी बाई स्वतःच्या चेहऱ्याखालून गेली.

उलटं उदाहरणही आहे. मलेशियातलं जॉर्ज टाउन, चिनी, मलय, तमिळ, मुसलमान अशा मिश्र वस्तीचं जुनं बंदर, 2008 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. 2012 मध्ये तिथल्या गल्ल्यांत एका परदेशी चित्रकाराने सायकलवरच्या मुलांची चित्रं काढली आणि ती जगभर गाजली. लोक फोटोसाठी रांगा लावू लागले. पण जुन्या भाडेकरूंना सांभाळणारा भाडेनियंत्रणाचा कायदा आधीच उठलेला होता. भाडी वाढली, जुने कारागीर आणि कुटुंबं निघून गेली, त्यांच्या जागी खाणावळी आणि हॉटेलं आली. भिंती गजबजल्या आणि घरं बदलली.

हे टाळायचा एक साधा रस्ता अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने दाखवला आहे. 1984 पासून तिथे भित्तिचित्रांचा सार्वजनिक कार्यक्रम चालतो. ब्रश उचलण्याआधी त्या गल्लीतल्या लोकांच्या सभा होतात, काय काढायचं ते तिथे ठरतं. आणि पुष्कळदा चित्र थेट भिंतीवर काढत नाहीत. पातळ कापडाच्या तुकड्यांवर आखणी करतात, ते तुकडे शाळांत, वृद्धांच्या केंद्रांत, तुरुंगातसुद्धा जातात, लोक रंग भरतात आणि मग ते भिंतीवर डकवतात. चोरखमाऱ्यासारख्या गावात हे सहज होण्यासारखं आहे. परांचीवर चढू न शकणारी सत्तर वर्षांची आजी घरच्या ओट्यावर बसून रंग भरील. दिवाळीआधी पांढऱ्या मातीने भिंती पोतारणाऱ्या हातांना रंगाची भीती नसते.

तेव्हा निधी आलाच तर काय काढायचं ते ग्रामसभेत ठरू द्या, आणि त्या सभेला ढिवरांचे, गोवाऱ्यांचे, गोंडांचे टोले गैरहजर राहू नयेत एवढं आपण पाहा. बाहेरचा चित्रकार शिकवायला येऊ दे. मजुरी गावातल्या हातांना मिळू दे. आणि चित्राखाली रंगवणाऱ्यांची नावं लिहू द्या, योजनेच्या नावाहून मोठ्या अक्षरांत.

दुसरं काम भिंतीपेक्षा तातडीचं आहे. ज्येष्ठ कलावंतांना महिना पाच हजार रुपये मानधन देणारी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. पन्नास वर्षं पूर्ण हवीत, कलेत किमान पंधरा वर्षं काम हवं, आणि एका जिल्ह्यातून वर्षाला शंभर जण निवडले जातात. दंडारीतल्या माणसाकडे पंधरा वर्षांचे पुरावे कुठून येणार? त्याने कधी प्रमाणपत्र घेतलं नाही, वर्तमानपत्रात त्याचा फोटो नाही, नाटकाच्या जाहिरातीवर नाव नाही. त्याचा पुरावा म्हणजे त्याला पाहिलेलं गाव. निवड समितीने ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून धरला आणि तालुक्याचा कर्मचारी मंडईच्या हंगामात गावी गेला, तर जी माणसं आजवर अर्ज करायलाही धजली नाहीत ती यादीत येतील.

आणि एक गोष्ट राहून जाऊ नये. कालीमाती, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावं जंगलासाठी उठली आणि सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूरला नव्याने वसली. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या पायात अशा गावांचं उठणं आहे. घरांचा मोबदला ठरवता येतो. जुन्या गावाच्या वेशीवर कुठला देव होता, मंडई कुठल्या झाडाखाली भरायची, दंडारीत राणी कोण व्हायचा, याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नसते. ती सांगणारी माणसं आज हयात आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतली मराठीची मुलं दोन हंगाम तिथे जाऊन बसली, आवाज आणि चित्रं टिपली, आणि त्या नोंदी गावाच्याच ताब्यात राहिल्या, तर पुढे कुणी भिंत रंगवायला घेईल तेव्हा त्याला काय काढायचं हे बाहेर शोधावं लागणार नाही.

यंदाच्या भाऊबीजेनंतर तिरोडा तालुक्यातल्या मंडयांच्या तारखा ग्रामपंचायतींकडून मागवून घ्याव्यात आणि त्यांतल्या एखाद्या गावी, उद्घाटनाच्या वेळी नको, रात्री दहानंतर यावं. ढाल तोवर येऊन गेलेली असेल, दंडार नुकती उभी राहिलेली असेल, आणि सतरंजीवर जागा होईल.